बर्फावरचा रस्ता

फेब्रुवारीत आमच्या बेटाची बोट धक्क्याला गोठते
आणि समुद्रावरून रस्ता सुरू होतो.
दोन्ही कडांना पाइनच्या फांद्या रोवलेल्या.
सुरुवातीलाच पाटी :
सीटबेल्ट सोडा.
बर्फ फुटलाच तर दार ढकलून
उडी मारता यावी म्हणून.

मी बोटीचं इंजिन सांभाळतो.
नुसत्या आवाजावरून सांगतो
कुठला पिस्टन खोटं बोलतोय.
मार्युतचंही तसंच कळायचं मला :
जिन्यावर अडखळलेली तिसरी पायरी,
‘हो’ म्हणताना जरा लांबलेला ओ,
आणि भल्या सकाळी
तोंडात वेलदोडा.

बाटल्या सापडायच्या
सौनाच्या सरपणामागे,
साइमीच्या लहान झालेल्या स्केट्समध्ये,
एकदा तर शिलाई मशीनच्या पोटात.
मी ओतून द्यायचो.
मग मोजायला लागलो.
मग मोजून
होत्या तिथेच परत ठेवायला लागलो.
हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.
मोजणारं माणूस घरात लागतंच, म्हणायचो.
पण खरं सांगू, त्यात एक सुख होतं :
ती पडत होती तोवर
मी आपोआप उभा होतो.

साइमी नऊ वर्षांची असताना
आईच्या आवाजात शाळेत फोन करायची.
मार्युत बोलतेय, ताप उतरला नाही अजून,
तिसरीच्या वह्या कपाटात आहेत.
हुबेहूब.
पलीकडच्या बाई म्हणायच्या, काळजी घे गं.
घेते, म्हणायची ती
आणि खुर्चीवरून उतरून
दूध तापवायची.

आता चौदा महिने झाले.
दवाखान्यातून जी परत आली
तिच्याशी माझी ओळख नव्हती.
आधीची माफी मागायची, रडायची,
माझ्या खांद्यावर झोपून जायची.
ही भांडते.
विजेचं बिल वाचते.
छताची गळती पाच वर्षं का राहिली, विचारते.
गुरुवारी चर्चच्या तळघरात जाते,
तिथल्या लोकांना काय सांगते
ते मला सांगत नाही.
एकदा म्हणाली, माझा कप हुंगू नकोस.
मी म्हणालो, कुठे हुंगतोय.
हुंगत होतो.

साइमी सोळाची झाली.
मैत्रिणी अजून फाटकापर्यंतच येतात.
स्वयंपाकघरातून आईची हाक आली
की ओ द्यायच्या आधी
ती क्षणभर थांबते.
ते थांबणं मला ऐकू येतं.
मार्युतलाही येत असणार,
कारण ती दुसऱ्यांदा हाक मारत नाही,
पीठ मळत राहते.

परवा शहरातून परतताना
किनाऱ्यावर एल्यासची गाठ पडली.
बर्फात गिरमिट घालून बसला होता मासे धरत.
किती आहे? विचारलं.
चाळीस सेंटिमीटर, बिनधास्त जा.
मला त्याचा हेवा वाटला.
भोक पाडायचं, पट्टी बुडवायची,
आकडा वाचायचा.

तेवढ्यात मार्युतनं हात पुढे केला. किल्ली.
सात वर्षं ती माझ्याच खिशात होती.
मी उगाच दुसरा खिसा चाचपला,
मग हा.
मग दिली.

पट्टे सोडून निघालो.
अर्ध्या वाटेवर खालून आवाज आला,
लांबवर ओढत गेलेला,
कुणी पोलादी तार छेडावी तसा.
पक्का बर्फच असा वाजतो, ती म्हणाली,
लहानपणी आजोबा सांगायचे.
मला इंजिनं कळतात.
हा आवाज माझ्या यादीत नव्हता.
माझी बोटं दाराच्या कडीवर होती.
तिनं ती पाहिली,
बोलली काहीच नाही,
वेगही तोच ठेवला.

मागे खटका वाजला.
साइमी, सोड तो पट्टा, म्हणालो,
बर्फावर आहोत आपण.
झोप येतेय, ती म्हणाली
आणि टोपी डोळ्यांवर ओढून
खिडकीला डोकं टेकलं.